ईमेल पत्ता तपासणारा रेजेक्स किती कडक असावा?

सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाचनालयासाठी सभासद-नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म करायचा असेल, तर ईमेलच्या रकान्याची तपासणी किरकोळ वाटते. पण ती चुकली तर खऱ्या वाचकाची नोंदणीच अडते. लिहिलेला मजकूर पत्त्यासारखा दिसतो की नाही, एवढेच रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजेच रेजेक्स, सांगू शकतो. तो पत्ता खरोखर चालू आहे का आणि फॉर्म भरणाऱ्याचाच आहे का, हे त्याला कळत नाही. म्हणून टंकनातल्या ढोबळ चुका पकडण्यापलीकडे त्याच्याकडून काही मागू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम पत्त्याच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा काढून टाकावी, कारण मोबाइलचा कीबोर्ड सुचवलेल्या शब्दानंतर अनेकदा एक स्पेस सोडतो. त्यानंतर हा पॅटर्न लावावा:

^[^@ ]+@[^@ .]+(\.[^@ .]+)+$

आरंभीची खूण मजकुराची सुरुवात आणि डॉलरची खूण शेवट दाखवते. पहिला चौकोनी कंस '@' आणि स्पेस सोडून कोणतेही अक्षर स्वीकारतो, आणि अधिकचे चिन्ह असे किमान एक अक्षर हवे असे सांगते. '@' नंतरच्या कंसांत टिंबही वगळले आहे, त्यामुळे डोमेनमध्ये, म्हणजे पत्त्याच्या '@' नंतरच्या भागात, लागोपाठ दोन टिंबे किंवा शेवटी टिंब आले तर पत्ता नाकारला जातो. शिवाय प्रत्येक टिंब एकाच जागी जुळू शकत असल्याने, मुद्दाम रचलेल्या लांबलचक मजकुराने सर्व्हर अडकून पडण्याचा धोकाही टळतो. टिंबाआधीची उलटी तिरपी रेघ (\) मात्र विसरू नये. ती नसेल तर चौकोनी कंसाबाहेर टिंबाचा अर्थ 'कोणतेही अक्षर' असा होतो.

हा पॅटर्न नवी ओळ अडवत नाही, म्हणून पत्त्यात ओळ तोडणारे अक्षर असल्यास सर्व्हरवर तो वेगळा तपासून नाकारावा. अन्यथा त्या वाटेने ईमेलच्या शीर्षभागात नको त्या ओळी घुसवता येतात. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, सुरक्षेसाठी तिच्यावर विसंबू नये.

अनेक जुने पॅटर्न फक्त रोमन अक्षरे आणि शेवटी दोन ते चार अक्षरांचे डोमेन मान्य करतात, आणि तेथेच अन्याय होतो. नावात अधिकचे चिन्ह असलेला पत्ता वैध असतो. 2012 च्या आरएफसी 6531 या इंटरनेट मानकानुसार देवनागरी पत्तेही चालतात, आणि '.भारत' हे डोमेन 2014 पासून उपलब्ध आहे. 'वाचक@उदाहरण.परीक्षा' असा पत्ता वरील पॅटर्नमधून सहज जातो. याउलट पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या अंगभूत रेजेक्समध्ये 'शब्दातील अक्षर' दर्शवणारी खूण वापरली, तर ती काना-मात्रांना अक्षर मानत नाही आणि 'वाचक' हा शब्द पहिल्याच कान्याशी अडतो.

लांबीची मर्यादाही रेजेक्सबाहेरच तपासावी: '@' पूर्वीचा भाग 64 बाइट, आणि संपूर्ण पत्ता 254 बाइट. यूटीएफ-8 या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे 64 बाइटांत मात्रा धरून जेमतेम 21 चिन्हे मावतात.

पत्ता नाकारताना 'अवैध' एवढेच न म्हणता '@ नंतरचा भाग पुन्हा पाहावा' असे नेमके सांगावे. स्वीकारल्यावर ठरावीक मुदतीची खातरजमा-लिंक पाठवावी, आणि ती उघडून दुजोरा मिळेपर्यंत सभासदत्व अपूर्ण ठेवावे.