भाषा बदलली तरी पान तेच राहू द्या

वेब ॲपमध्ये भाषा ठरवण्याचा क्रम एकाच ठिकाणी लिहा: आधी यूआरएलमधली भाषा, मग वापरकर्त्याने पूर्वी निवडून ठेवलेली, मग ब्राउझरचा ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर (वापरकर्त्याला कोणत्या भाषा हव्यात हे ब्राउझर यातून सर्व्हरला सांगतो), आणि यातलं काहीच नसेल तरच डिफॉल्ट लोकेल, म्हणजे ॲपची ठरलेली मूळ भाषा. आयपी पत्त्यावरून भाषा ओळखायच्या फंदात पडू नका. माणूस कुठे बसलाय यावरून तो काय वाचतो ते कळत नाही.

खरा घोळ होतो तो भाषा बदलण्याच्या बटणात. शोधाचे निकाल बघताना भाषा बदलली की थेट होमपेजवर रवानगी, हे सर्रास दिसतं. लिंक बनवताना चालू पाथ (यूआरएलमधला पानाचा पत्ता) आणि क्वेरी पॅरामीटर (त्यातला ‘?’ नंतरचा भाग) जसेच्या तसे ठेवा, भाषेचा तुकडा तेवढा बदला. यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा (झेंडे तर नकोतच, ते देशांचे असतात). एचटीएमएल टॅगचा लँग ॲट्रिब्यूटही बदला, नाहीतर स्क्रीन रीडर भलत्याच उच्चारात वाचतो.

एकाच यूआरएलवर अनेक भाषा देत असाल तर व्हेरी हेडर लावायला विसरू नका; विनंतीतल्या कोणत्या हेडरनुसार उत्तर बदलतं हे तो कॅशला, म्हणजे पानांच्या प्रती साठवणाऱ्या यंत्रणेला, सांगतो. तो नसेल तर कॅशमधून एकाची भाषा दुसऱ्याच्या माथी पडते.