डुकराचं वीर्य साठवताय? नराला दोष देण्याआधी पीएच आणि पाणी तपासा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं वराहपालन आहे आणि रेतन आम्ही घरच्याच नराच्या वीर्यावर करतो. गेल्या मे महिन्यात लागोपाठ चार माद्या उलटल्या, २१ दिवसांनी परत माजावर. वीर्य काढलं त्या दिवशी मायक्रोस्कोपखाली एकदम झकास दिसत होतं, दुसऱ्या दिवशी मात्र निम्मे शुक्राणू गार, आणि मी आपला नराचं खाणं बदलत बसलो. घोळ निघाला एक्स्टेंडरच्या, म्हणजे वीर्य पातळ करून टिकवायच्या द्रावणाच्या, पाण्यात.

डुकराचं वीर्य गोठवलं तर गाभण राहण्याचं प्रमाण बरंच पडतं, म्हणून ते १७ अंशावर पातळच ठेवतात. १५ च्या खाली नेलं तर थंडीचा शॉक बसतो, त्यामुळे घरचा फ्रिज विसरा. अशा स्थितीत तीन दिवस जगायचं तर शुक्राणूंच्या भोवतीचं द्रावण बरोबर हवं, आणि ते मोजता येतं.

आधी पाणी. बाटलीवर डिस्टिल्ड लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवा, आकडा शून्याच्या जवळपास पाहिजे. माझ्या बाटलीत १४० आला, तीही कितीतरी दिवस उघडी पडलेली. मग बीटीएस, म्हणजे आम्ही वापरतो तो एक्स्टेंडर: एक लिटरला ग्लुकोज ३७ ग्रॅम, सोडियम सायट्रेट ६, सोडियम बायकार्बोनेट १.२५, ईडीटीए १.२५, पोटॅशियम क्लोराईड ०.७५, आणि अँटिबायोटिक डॉक्टरांना विचारून. काटा ०.०१ ग्रॅमचा घ्या. ग्लुकोजच्या डब्यावर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर त्यात पाण्याचंही वजन धरलेलं असतं, मग ३७ नाही, ४०.७ ग्रॅम लागतं. आणि आपल्याकडे पावसाळ्यात पावडर ओल धरते, गुठळी झाली की तो डबा बाजूलाच ठेवायचा. विरघळवल्यावर तासभर थांबा, पीएच स्थिर होतो, मगच मोजा.

पीएच मीटर ७ आणि १० च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) लावून घ्या, दर वेळी. प्रोब डिस्टिल्ड पाण्याने धुवायचा, टिश्यूने टिपायचा, घासायचा नाही, आणि काम झालं की पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात ठेवायचा, नुसत्या पाण्यात ठेवलात तर लवकर खराब होतो. प्रोब सगळ्या वीर्यात बुडवू नका, पाच मिली वेगळं काढून मोजा आणि ते टाकून द्या. ७.२ ते ७.५ च्या आसपास आला की बरं. साठवताना दर २४ तासांनी परत बघा: खाली घसरत असेल तर बहुतेक जंतू वाढतायत, वर चढत असेल तर बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साईड उडतोय, म्हणजे पिशवीत हवा जास्त राहिलीय.

ऑस्मोलॅलिटी, म्हणजे द्रावणात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, मोजायचं मशीन महाग, छोट्या फार्मला परवडत नाही, पण ती ३०० ते ३३० मिलिऑस्मोलच्या आसपास हवी एवढं धरून वजनं नीट ठेवली की काम होतं. द्रावण फार पातळ झालं तर शुक्राणूंच्या शेपट्या वेटोळं घालतात, मायक्रोस्कोपखाली सुरळी झालेल्या दोऱ्यासारख्या दिसतात, एकदा बघितलं की विसरत नाही. तसं दिसलं तर नराला हात लावू नका, परत वजन करा.

मिसळताना वीर्य आणि एक्स्टेंडरच्या तापमानात एक-दोन अंशापेक्षा जास्त फरक नको. लेटेक्सचे ग्लोव्हज शुक्राणूंना मारतात, विनाइलचे वापरा. पिशव्या दिवसातून दोनदा हळू उलटसुलट करा, आणि रेतनाआधी थेंबभर ३७ अंशाला गरम करून बघा, ७० टक्क्यांपेक्षा कमी हलत असतील तर मी ती पिशवी वापरत नाही, कितीही वाईट वाटलं तरी.

पाणी बदलल्यापासून तिसऱ्या दिवशीही ७० च्या वर आकडा येतोय. वहीत नराचं नाव, तारीख, पाण्याचा टीडीएस, ०, २४, ४८, ७२ तासांचा पीएच आणि कुठली मादी उलटली एवढं लिहितो, आणि पुढच्या वेळी कुठे बघायचं ते त्यातूनच कळतं.