खूप वर्षांनी कन्फेशनला जायचंय? मग असं जा

शेवटचं कन्फेशन, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये फादरांपुढे पापं सांगून देवाची क्षमा मागणं, नेमकं कधी केलं होतं हे आठवत नसेल, तर डोकं शिणवू नका. ‘लग्नाच्या आधी केलं होतं’ किंवा ‘शाळा सुटली आणि ते सुटलं’ एवढं फादरांना पुरतं. आम्ही पुरोहित हे विचारतो ते रागवायला नव्हे. महिन्याने आलेल्या माणसाला आणि वीस वर्षांनी आलेल्या माणसाला लागणारी मदत वेगळी असते, म्हणून विचारतो. पश्चात्तापाची प्रार्थना विसरलात, क्रम आठवत नाही, गुडघे टेकायचे की खुर्चीवर बसायचं तेही ठाऊक नाही, तर आल्या आल्या सांगून टाका: ‘फादर, खूप वर्षांनी आलोय, जरा सांभाळून घ्या.’ हे शब्द कानावर पडले की मला मनापासून आनंद होतो. पुढचं मी बघतो.

तयारी आदल्या रात्री घरी करा. वीस मिनिटं पुरतात. आधी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचा, उधळ्या पुत्राचा, म्हणजे बापाची संपत्ती उधळून घरी परतणाऱ्या मुलाच्या गोष्टीचा. त्यातली एक बारीक गोष्ट पाहा. घरी परतायचं ठरवल्यावर मुलगा बापाला काय सांगायचं ते मनाशी जुळवून ठेवतो आणि त्यात शेवटी ‘मला तुमच्या एखाद्या चाकरासारखं ठेवा’ असं म्हणणार असतो. प्रत्यक्षात ते शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याआधीच बापाने उत्तम झगा आणायला सांगितलेलं असतं. मी नेहमी सांगतो, आधी त्या बापाकडे नीट बघा आणि मगच पापं आठवायला बसा. उलट क्रमाने बसलं की मन भीतीने आखडतं, आणि भ्यालेला माणूस स्वतःशीसुद्धा खरं बोलत नाही.

मग बायबलमधल्या दहा आज्ञा समोर घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. माणसं आठवा. नवरा किंवा बायको, मुलं, म्हातारे आईवडील, कामावरचे लोक, ज्याच्याशी बोलणं टाकलंय तो भाऊ. प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून विचारा, याच्याशी मी कसा वागलो? लपलेलं पाप बहुधा तिथेच सापडतं.

काय सांगायचं आणि किती, यावर सगळ्यात जास्त गोंधळ असतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1551 साली जे स्पष्ट केलं ते आजही लागू आहे: आठवतील ती सगळी गंभीर पापं, त्यांचा प्रकार आणि साधारण संख्या. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब गंभीर, ती चुकीची आहे याची पूर्ण जाणीव, आणि तरीही स्वतःच्या मर्जीने केलेली. लहानसहान पापं सांगायचं बंधन नाही, पण सांगितलीत तर फार चांगलं.

एक उदाहरण देतो. (ते कुणाच्या कन्फेशनमधलं नाही. तिथलं काही मी कधीच लिहिणार नाही.) ‘फादर, मी थोडा रागीट आहे’ हे स्वभावाचं वर्णन झालं. ‘आई आजारी असताना मी तिच्यावर ओरडलो, बऱ्याचदा, आणि एकदा तिला ओझं म्हणालो’ हे कन्फेशन. दुसरं वाक्य जड जातं, कारण त्यात खरोखर घडलेलं काही आहे. मात्र त्या दिवशी काय झालं, कुणी आधी काय म्हटलं, सासूबाई कशा वागल्या, ही हकीकत नको. सासूबाईंची पापं सासूबाई सांगतील. ज्या गोष्टीची सर्वांत जास्त लाज वाटते ती पहिल्यांदा सांगा. ती शेवटी ठेवली तर बहुतेक राहूनच जाते, आणि गंभीर पाप मुद्दाम लपवलं तर कन्फेशन वैध होत नाही.

गुपिताबद्दल निर्धास्त राहा. 1983च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, कन्फेशनमध्ये ऐकलेलं कोणत्याही कारणाने, कुणाच्याही दबावाने पुरोहिताला उघड करता येत नाही. कुणी थेट उघड केलंच, तर तो आपोआप बहिष्कृत होतो. आम्हीही दुसऱ्या फादरांकडे गुडघे टेकतोच. 28 मार्च 2014 रोजी संत पीटरच्या महामंदिरात पोप फ्रान्सिस सगळ्यांदेखत एका साध्या पुरोहितापुढे कन्फेशनला बसले होते.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करा, किती काळाने आलात ते सांगा, पापं सांगा आणि ‘या आणि न आठवलेल्या सर्व पापांची मी क्षमा मागतो’ म्हणून थांबा. फादर दोन शब्द बोलतील, प्रायश्चित्त देतील, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला सांगतील. पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणा. मग ते हात पुढे करून ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने’ पापमुक्ती देतात. तुम्ही ‘आमेन’ म्हणायचं. तेवढा वेळ पुढचा विचार करू नका, ते शब्द नीट ऐका. किती जण तोवर उठायच्या घाईत असतात, आणि मला वाईट वाटतं, कारण ज्यासाठी इतकं धाडस करून आलात ते नेमकं त्याच क्षणी मिळत असतं.

प्रायश्चित्त त्याच दिवशी उरका. कुणाचे पैसे बुडवले असतील तर ते परत करायचे, कुणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरायची. क्षमा मिळाली म्हणून हे सुटत नाही. एखादं गंभीर पाप नंतर आठवलं तर घाबरू नका. क्षमा झालेली आहे, पुढच्या वेळी तेवढं सांगा.

पुन्हा इतकी वर्षं जाऊ नयेत म्हणून येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांची सवय लावून घ्या. रोज रात्री झोपण्याआधी देवाचे आभार माना, प्रकाश मागा, दिवस सकाळपासून तपासा, चुकलं तिथे क्षमा मागा, उद्याची एक गोष्ट ठरवा. दहा मिनिटांचं काम आहे. महिन्याभराने कन्फेशनला याल तेव्हा काय सांगायचं हा प्रश्नच पडणार नाही.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी मात्र येऊ नका. तेव्हा तुम्हालाही घाई आणि मलाही. चर्चबाहेर लग्न झालंय, घटस्फोट झालाय, असं काही गुंतागुंतीचं असेल तर फादरांना फोन करून वेगळी वेळ मागा. फोनवर कन्फेशन होत नाही, पण वेळ नक्की ठरवता येते.