मुंबईत झाडावर चढायचं काम धंदा म्हणून करायचं असेल तर

एप्रिल-मे आला की सगळ्या सोसायट्यांना एकदम फांद्या आठवतात आणि पावसाआधी उरका म्हणून घाई सुरू होते. नवीन असाल तर आधी सेक्रेटरीकडे बीएमसीच्या गार्डन खात्याचं परवानगीपत्र मागा, झाड आवारातलं असलं तरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे लागतंच. कागद नाही तर काम नाही.

मग झाड खालून बघा, घाई न करता. बुंध्याला सिमेंटने आवळलंय का, मुळाशी अळंबी आलीय का (म्हणजे आत कुजलंय), हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजतंय का. गुलमोहर वरून हिरवागार दिसतो पण लाकूड ठिसूळ, फांदी कडकन जाते, म्हणून दोरी शक्यतो मुख्य खोडाच्या बेचक्यात टाका आणि खालून दोघांनी लटकून बघा. रेन ट्रीच्या लांब आडव्या फांदीवर टोकाकडे जाताय तर दोरी जमेल तेवढी उंच बांधा, नाहीतर पाय सटकला की झोका खाऊन थेट खोडावर आपटाल. आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी चढायचंच नाही. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती फांदी राहू द्या.

झाडातून गेलेल्या वायरींपैकी टीव्हीची कुठली, लाईटची कुठली हे खालून कळत नाही, सगळ्यांत करंट आहे असंच धरा आणि लाईट कंपनीचा माणूस सप्लाय बंद करून गेल्याशिवाय वर जाऊ नका.

कमरेला सुती दोर गुंडाळून चढणारे अजून दिसतात, बघून जीव घाबरतो खरंच. बसता येईल असा हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट, १३ मिमीच्या आसपासची क्लाइंबिंगची दोरी, यात पैसे वाचवू नका. करवत चालवताना दोन ठिकाणी अडकलेले असा, मुख्य दोरी आणि कमरेची छोटी दोरी, कारण वजनाने ताणलेल्या दोरीला पातं नुसतं लागलं तरी ती तुटते. खोडात रुतवून चढायचे काट्याचे बूट जिवंत झाडाला नकोत, प्रत्येक भोकातून कीड आत जाते.

जाड फांदी तीन कापांत. खोडापासून फूटभर लांब खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून, फांदी पडली की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढा. तो कडा कापलात तर जखम नीट भरत नाही, आणि खालचा काप विसरलात तर साल खोडापर्यंत सोलत जाते.

खाली नुसता फांद्या ओढणारा पोरगा पुरत नाही, चढता येणारा दुसरा माणूस हार्नेस घालून, वेगळी दोरी घेऊन तयार पाहिजे. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्याच्या जिवाला काही मिनिटांतच धोका होतो, फायर ब्रिगेडच्या १०१ ला फोन लावायचाच पण गाडी ट्रॅफिकमधून येईपर्यंत थांबता येत नाही.

नारळाचं काम वेगळं, त्यासाठी नारळ विकास मंडळाचं ट्रेनिंग आणि चढणाऱ्यांसाठी अपघात विमा आहे, दोन्हीची चौकशी करा. आणि रेट सांगताना खाली तयार ठेवायच्या त्या दुसऱ्या माणसाची मजुरी आधीच धरा, सोसायटी घासाघीस करते तेव्हा पहिल्यांदा त्यालाच कमी करायला सांगते.