पंखा आणि बुश ओतताना या चुका टाळा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या पंख्याचं पातं मोडलं की तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणतो, धातूत भेसळ होती. कधी असतेही. तरी मी आधी मोडलेली कड भिंगाखाली धरतो. बऱ्याचदा मिश्रण बरोबर असतं. साच्यात वितळलेल्या धातूचा रस कसा वाहिला, तिथेच घोळ झालेला असतो.

सगळ्यात मोठी चूक उंचावरून ओतण्याची. पंख्याच्या अॅल्युमिनियम ब्राँझच्या (तांबं आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रणाच्या) रसावर ऑक्साइडची पातळ साय धरते. रसाचा वेग सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरच्या वर गेला की ही साय दुमडून आत जाते, आणि घडीचे दोन पदर एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणजे पात्यात जन्मतःच चीर! एवढा वेग यायला रस फक्त १३ मिलिमीटर पडावा लागतो. फूटभर उंचीवरून तो जवळपास पाचपट होतो. मूस साच्याच्या तोंडाला टेकवून ओता, रनर, म्हणजे साच्यात रस नेणारी वाट, भरलेला ठेवा, पात्यात रस खालून चढू द्या.

रस वाटेत थिजेल या भीतीने तो फाजील तापवू नका. पावसात चिऱ्याच्या गडग्यावर नेचा फुटतो, तसे गोठत्या धातूत फाटे फुटतात. वाहता रस त्यांचे तुकडे मोडून आत नेतो आणि प्रत्येक तुकडा नव्या कणाचं बी होतो. फार गरम रसात हे बी विरघळतं, मग साच्याच्या भिंतीपासून आत लांब, जाड कण वाढतात आणि धातू कमजोर होतो.

पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या गनमेटलच्या बुशावर येणारे चंदेरी थेंब घासून काढले की काम झालं, असं मात्र अजिबात समजू नका. ८८ भाग तांबं, १० कथील, २ जस्त असा हा रस सुमारे १००० अंशांना गोठू लागतो, पण पुरता गोठायला आणखी दीडशेएक अंश उतरावा लागतो. तोवर फाट्यांमधून कथीलभरला रस बाहेरच्या अंगाला सरकत राहतो. हा कथलाचा घाम. आत बारीक पोकळ्या राहिल्याचीही ती खूण असू शकते. रसात विरलेला वायू त्याला आणखी रेटतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा, वाळू, कोळसा सगळंच दमट. मूस आणि भंगार तापवून कोरडं करा. ओलं भंगार रसात पडलं तर रस स्फोटासारखा उडतो, जीवाशी खेळ आहे. साचा आतपर्यंत सुकवा. किनाऱ्यावरची पुळण नको, तिच्यातलं मीठ ओल धरतं.

प्रत्येक ओतणीबरोबर एक छोटी कांडी ओता आणि मोडून बघा. कण बारीक, रंग एकसारखा हवा. तपकिरी डाग दिसले तर तो बुश बोटीवर चढवू नका.