जुन्या गाडीचं ब्रेक पेडल अचानक खाली गेलं तर दोष कुठे शोधायचा

जुनी मारुती ८००, झेन वगैरे ज्यांच्याकडे आहे त्यांना हे कधी ना कधी बघायला मिळतंच, काल व्यवस्थित लागणारा ब्रेक आज दाबला की पेडल थेट खाली. मग कोणीतरी लगेच सांगतं, ब्रेक ऑइलमध्ये एअर धरली असेल, ब्लीड करून घे, म्हणजे ती हवा बाहेर काढून घे. अहो पण एअर आपोआप येत नाही, कुठून तरी आत शिरते नाहीतर ऑइल कुठून तरी बाहेर जातं, आणि ती जागा सापडल्याशिवाय ब्लीडिंग म्हणजे पैसे पाण्यात.

चालत्या गाडीत झालं तर पेडल पटापट पंप करा, गियर एकेक खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरूनच हळूहळू ओढा. चावी काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होतं. आणि गाडी थांबल्यावर पेडल वर आलं तरी "हळूहळू नेतो गॅरेजला" हा प्रकार नको, टो करा.

आता बॉनेट उघडा आणि आधी ब्रेक ऑइलची लेव्हल बघा, अर्धा निकाल तिथेच लागतो.

लेव्हल उतरली असेल तर लीक आहे. चारही टायरच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा, मागच्या चाकाची आतली बाजू ओली दिसली तर बहुतेक व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक शूज ढकलणारा छोटा सिलिंडर) गेला, ड्रम काढून त्याचं रबर उचलून बघा. पुढे रबरी होज जिथे वळतात तिथे चिरा बघा, आणि खालून जाणारे लोखंडी पाइप, कोकणातल्या गाड्यांचे तर नक्कीच, क्लिपच्या खाली गंजलेले असतात. बाहेर कुठेच थेंब नाही पण ऑइल कमी होतंय? मग मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा मुख्य सिलिंडर) मागचं सील बघा, ते गेलं की ऑइल बूस्टरमध्ये (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडलचा जोर वाढवणारा डबा) साठतं, कधीकधी इंजिन ते ओढून घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मास्टरचे नट ढिले करून तो जरा पुढे घेतला की मागचा ओलावा दिसतो.

लेव्हल बरोबर आहे तर इंजिन चालू करून पेडलवर हलका पण सतत दाब ठेवा. पेडल हळूहळू बुडत गेलं आणि बाहेर लीक नसेल तर मास्टर सिलिंडर आतल्या आत बायपास करतोय, म्हणजे ऑइल सीलच्या कडेने मागे निसटतंय. नुकतंच ब्लीडिंग झालं असेल तर हा संशय पहिला, कारण रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या शेवटापर्यंत जातच नाही, तिथे गंज बसलेला असतो आणि ब्लीडिंगला पेडल फळीपर्यंत दाबलं की सील त्या गंजावर फाटतं. म्हणून जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ब्लीड करावं. आतून खड्डे पडलेल्या सिलिंडरला नुसतं रबर-सीलचं किट टाकणारा मिस्त्री मला तरी पटत नाही, नवीनच टाका.

पेडल स्पंजासारखं लागतंय आणि पंप केल्यावर घट्ट होतंय तर एअर. पेडल घट्ट आहे पण फार खाली जाऊन लागतंय, तर हँडब्रेक थोडा ओढून परत दाबून बघा, पेडल वर आलं तर मागच्या शूजचं ॲडजस्टमेंट ढिलं आहे, स्वस्तात सुटलात.

घाट उतरताना ब्रेक गेला आणि अर्ध्या तासाने परत आला तर ऑइल उकळलं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवीन असताना २०५ अंशाच्या वर उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते, वाफ दाबली जाते, पॅड दाबला जात नाही. सगळं ऑइल बदलायचं, नुसतं टॉप अप नाही.

पेडल खाली न जाता दगडासारखं कडक झालंय तर तो वेगळा आजार, बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप. इंजिन बंद करून चारपाच वेळा दाबा, मग पाय दाबून धरूनच स्टार्ट करा, पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय.

एक शेवटचं, ब्रेक ऑइलच्या झाकणाचं रबर फुगून वेडंवाकडं झालंय का बघा. झालं असेल तर कोणीतरी चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टेअरिंगचं ऑइल ओतलंय, मग एक सील बदलून भागत नाही, मास्टरपासून होजपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं आणि पाइप धुवून घ्यावे लागतात.