जुनी गाडी बघायची असो नाहीतर स्थळ, आधी बॉनेटला हात लावा

आमच्या घरात कुणाला सेकंडहँड गाडी घ्यायची असली की मला फोन येतो आणि कुणाचं लग्न जमवायचं असलं तरी मलाच येतो, आणि दोन्ही फोनचं पहिलं वाक्य अगदी सेम असतं, "ताई फोटो पाठवलेत, बघून सांग ना कसं वाटतंय." आता फोटोवरून काय डोंबल कळणार, फोटोत गाडी धुऊनपुसून उभी असते आणि मुलगापण इस्त्रीच्या शर्टात उभा असतो. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते, दोन्हीकडे कामाला येईल.

सुरुवात समोरच्यापासून करायचीच नाही, स्वतःच्या रस्त्यापासून करायची. तुमचं रोजचं जाणं-येणं कोथरूड ते हिंजवडी, पूर्ण वेळ फर्स्ट-सेकंड गिअर, आणि महिन्यातनं एकदा गावी जाणं, तर डिझेल गाडी कितीही स्वस्तात मिळू दे, घेऊ नका. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आले, त्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला, आणि ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून हायवेला सलग पळावी लागते. ट्रॅफिकमध्येच कुथत राहिली की फिल्टर चोक होतो, डॅशबोर्डवर लाईट लागतो, आणि मग गॅरेजच्या फेऱ्या. गाडीत काही खोट नसते हो, तीच गाडी रोज नाशिक-धुळे करणाऱ्याकडे सुखात नांदते.

स्थळाचंही हेच. मुलगी बँकेत ऑफिसर, दर तीन वर्षांनी बदली ठरलेली, आणि मुलाचं सांगलीत बापजाद्यांचं चालतं दुकान. दोघंही सोन्यासारखी, पण रस्ते वेगळे. म्हणून "मला कसा जोडीदार हवा" ही यादी नंतर करा, आधी स्वतःचा एक साधा दिवस कागदावर उतरवा. उठता किती वाजता, ऑफिसातून येता किती वाजता, आईवडील जवळ राहणार का, गाव सोडता येईल का, घरात नॉनव्हेज शिजतं का, पगारातले किती घरी द्यावे लागतात. हा कागद खरा असला ना की निम्मी स्थळं न बघताच बाजूला होतात आणि उरलेली बघायला मजा येते.

कागदपत्रं

गाडीचा नंबर मिळाला की परिवहनच्या साईटवर किंवा ॲपवर टाकायचा. ओनर कितवा, रजिस्ट्रेशन कधीचं, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का, चलन किती थकलेत आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवर बँकेचा बोजा आहे का. लोन फिटलंय असं तोंडी सांगतात, खरंच फिटलेलं असतंही, पण बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवलेला नसेल तर गाडी तुमच्या नावावर होताना अडकते. सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर सांगून जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा, दरवेळचं किलोमीटर रीडिंग त्यात असतं, मीटर मागे फिरवला असेल तर तिथेच उघडं पडतं.

स्थळात कागद म्हटलं की पत्रिका येते. छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की जमलं म्हणतात, आणि ज्यांचा विश्वास आहे त्यांनी जरूर बघावं, माझं काही म्हणणं नाही. पण त्या छत्तीस गुणांत पर्सनल लोन कुठेच येत नाही! ते तोंडाने विचारावं लागतं, आणि मुलामुलीने एकमेकांना थेट विचारावं, मोठ्यांच्या मार्फत नको. घराचा हप्ता किती, क्रेडिट कार्डचं काय, भावाच्या धंद्याला जामीन राहिलाय का. हे विचारणं म्हणजे हावरटपणा नव्हे, त्या घरात तुम्हाला राहायचंय.

आणि एक कागद असा की ज्याबद्दल मी दर बैठकीत बोलते, लोक कंटाळले तरी बोलते. थॅलेसेमियाची टेस्ट, हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. साधी रक्ताची तपासणी, सीबीसी आणि एचबीए-टू. कॅरिअर, म्हणजे ह्या आजाराचा दोष नुसता अंगात वाहून नेणारा माणूस, ठणठणीत असतो, त्याला स्वतःला पत्ताही नसतो, पण दोघंही कॅरिअर निघाले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे ह्या आजाराचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के. आधी कळलं तर डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवता येतं, लग्न मोडायचीसुद्धा गरज नसते.

इंजिन थंड असताना बघा

गाडी बघायला जाताना फोनवरच सांगायचं, "मी येईपर्यंत स्टार्ट करू नका." पोचल्यावर आधी गप्पाटप्पा नाही की पाणी नाही, सरळ बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं म्हणजे तुमच्या आधी कुणीतरी गाडी तापवून ठेवलीय. खरं दुखणं सकाळच्या पहिल्या स्टार्टला कळतं. मागे एक जण उभा करा. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय, पांढरा दाट धूर येतच राहिला तर कूलंट आत जात असण्याची शक्यता, काळा असेल तर इंधन नीट जळत नाहीये.

आता कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणजे तापवून ठेवलेलं इंजिन. घर आवरलेलं, काका जपून बोलतायत, मुलगी साडीत अवघडलेली, मुलगा "छंद काय" यावर वाचन म्हणतोय. त्यात कुणाचा खोटेपणा नसतो, पाहुणे येणार म्हटल्यावर आपणही तसंच वागतो. म्हणून दुसरी भेट आडदिवशी ठेवा, ऑफिस सुटल्यावर, दोघांनाही भूक लागलेली असताना, घरच्यांशिवाय. माझ्या भाचीने असं केलं. दोघं बोलत बसले, उशीर झाला आणि त्याच्या आईचा फोन आला. त्याने तिच्यासमोरच उचलला आणि सांगितलं, "हो, अजून बोलतोय आम्ही, तू जेवून घे, थांबू नकोस." मीटिंगमध्ये आहे वगैरे काही नाही, बाहेर जाऊन कुजबुजणं नाही. भाची म्हणाली मावशी, त्याचं पॅकेज मी विसरले पण हे लक्षात राहिलं. मला विचाराल तर तिने अगदी बरोबर जागी बघितलं. आईशी खरं बोलता येणारा आणि आईची काळजीही घेणारा मुलगा, अजून काय पाहिजे.

पाण्यात गेलेली गाडी

इथे जरा सावकाश वाचा कारण पैसे इथेच बुडतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईभर गाड्या पाण्याखाली होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड. अशा गाड्या धुऊन, सीटकव्हर बदलून लांबच्या शहरात विकायला येऊ शकतात, त्यामुळे नंबर कुठला आहे तेही बघत चला, एमएच ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १० सांगली. त्या नंबरची गाडी वाईट असं अजिबात नाही, फक्त एक प्रश्न जास्त विचारायचा.

ओळखायचं कसं, तर सीटबेल्ट. पुढचा बेल्ट ओढा, आणि नेहमी लावतो तेवढा नव्हे, अगदी शेवटपर्यंत, रीळ संपेपर्यंत बाहेर काढा. जो भाग एरवी आतच गुंडाळलेला असतो तिथे चिखलाचा मळकट पट्टा दिसला, हाताला माती खरखरली, तर पाणी तिथवर आलं होतं. गाडी धुणारा बेल्ट शेवटपर्यंत ओढून धूत नाही. मग सीटखाली मोबाईलचा टॉर्च मारा, सीटचे बोल्ट आणि पट्ट्या गंजल्यात का बघा. डिकीतलं स्टेपनी काढून खालच्या खोबणीत हात घाला. काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटं आत बसा, कोंदट ओला वास येतो, आणि परफ्यूमचा वास भसकन आला तर जास्तच सावध व्हा.

पण मालकाने स्वतःहून सांगितलं, हो बाबा पुरात सापडली होती, ही इन्शुरन्सच्या क्लेमची कागदं, हे बदललं, हे नाही बदललं, म्हणून किंमत कमी लावलीय, तर त्याच्याशी बोलावं. माणसांमध्ये मी हेच शोधते. तिशीपर्यंत येताना कोण पाण्यात गेलेलं नसतं? कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचा साखरपुडा मोडलेला असतो, कुणी डिप्रेशनच्या गोळ्या घेतलेल्या असतात. जो हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत नीट सांगतो त्याच्याबरोबर संसार करता येतो. आणि हो, ओनर कितवा हा प्रश्न फक्त गाडीचा, घटस्फोटित माणसाला हा हिशोब कुणी लावला तर मी त्या बैठकीतून उठते.

चालवून बघणं

सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन परत, ह्याला टेस्ट ड्राइव्ह म्हणत नाहीत. कात्रजच्या जुन्या घाटात न्या, घरच्या तिघांना बसवून न्या, चढावर थांबवून परत उचला. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाहीये म्हणजे क्लच गेला. म्युझिक बंद. खड्ड्यातून सावकाश काढा आणि खालून येणारा आवाज ऐका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा, म्हणजे नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं झालं. मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. स्थळालाही तोंडावर खरं सांगणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण भेटवा, लग्नाची घाई झालेली आत्या नको.

दोघांनी मिळून काहीतरी छोटं काम करून बघा. एखाद्या मित्राच्या वास्तुशांतीचं गिफ्ट बजेट ठरवून घेऊन या, किंवा एसटीने कुठेतरी एकत्र जाऊन या. कुठेतरी मत अडतंच, आणि अडायलाच पाहिजे. अडल्यावर आवाज चढतो, अबोला धरतात की हसून मधला मार्ग काढतात, तेवढंच बघायचं.

आता ह्या दोन विषयांची खरीखुरी गाठ पडते ती जागा. "आम्हाला काही नको, फक्त मुलाला गाडी द्या." हा हुंडाच आहे, १९६१ च्या कायद्याने घेणारा आणि देणारा दोघंही गुन्हेगार. हे वाक्य ऐकलं की चहा अर्धा असेल तर अर्धाच ठेवून निघा, पुढचं काही बघायचं राहिलेलं नाही.

इन्शुरन्सची एक गोष्ट मला फार आवडते. पाच वर्षं क्लेम केला नाही की नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली तरी तो आपल्याबरोबर नव्या गाडीला नेता येतो. आपल्याकडे सून घरात आली की तिला सगळे शून्यापासून सुरू करायला लावतात, जणू आधीची तीस वर्षं तिने काही कमावलंच नाही. तिची समज, तिची नोकरीतली पत, तिचे मित्रमैत्रिणी, हे सगळं तिच्याबरोबर येऊ द्या. लग्नाआधीच ह्यावर बोला.

सौदा ठरला की फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या, इन्शुरन्स १४ दिवसांत बदलायला टाका, नाहीतर चलन आणि अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारात जाते. लग्न झालं की रजिस्ट्रेशन, ते नंतर करू म्हणून राहिलं की व्हिसाच्या वेळी धावपळ होते.

एवढं सगळं करताना समोरचं माणूसही तुमच्या बॉनेटला हात लावून बघतंय हे धरूनच चाला. गाडी तुमची सर्व्हिस हिस्टरी मागत नाही, माणूस मागणार आणि मागायलाच हवी. तुमचं लोन, तुमचा राग, तुमच्या घरच्यांच्या अपेक्षा, सगळं विचारायच्या आधी सांगून टाका. आणि नाही म्हणायचं असेल तर दोन दिवसांत स्वतः फोन करून म्हणा, "पत्रिका जुळत नाही" हे पांघरूण न घालता. गाडीवाल्यालाही कळवा, त्याने तुमच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक थांबवून ठेवलेलं असतं.